तुम्ही विचारलेत म्हणून: गावानेच करायचे, तर सरकारने पैसे का घालावेत?

हा प्रश्न मला साताऱ्यात विचारला जातो, पुण्यात विचारला जातो आणि आमच्या खटाव तालुक्यातल्या पारावरही विचारला जातो. विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: गावे श्रमदानाने पाण्याची कामे करून दाखवीत आहेत, तर सरकारी निधी गावाच्या हाती देऊन तो गटातटांत कशाला जिरवायचा?

उदाहरण म्हणून वेळूचे नाव घेतले जाते. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनने गावांसाठी घेतलेल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील हे गाव पहिले आले, 2018 मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली, आणि या दोन्ही गावांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु चरांत आणि बंधाऱ्यांत गाळ दर पावसाळ्यात येतो, बक्षीस मात्र एकदाच मिळते. शिवाय ज्याला जमीनच नाही, तो आपली मजुरी बुडवून कोणाच्या विहिरीचे पाणी वाढवतो, हे कोणीतरी विचारायला हवे. गावाच्या कामावर राबणाऱ्याला मजुरी मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे महाराष्ट्राने 1977 च्या रोजगार हमी कायद्यात मान्य केलेलेच आहे. गावाने सरकारपुढे हात पसरू नये, असे मी स्वतः एके काळी ग्रामसभेत आवेशाने सांगत असे. माझ्यातल्या त्या तरुणाशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्याचा स्वाभिमान मला पटतो, त्याचा हिशेब पटत नाही.

तो हिशेब का पटत नाही, ते सांगण्यासाठी आमच्या ओढ्यावरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याविषयी लिहावे लागेल. असा बंधारा पावसाळ्यात मोकळा ठेवतात आणि परतीचा पाऊस ओसरता ओसरता त्यात लोखंडी बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून उरलेला प्रवाह अडवतात. ती वेळ चुकली की वर्ष गेले. एका वर्षी बरगे गंजून त्यांना भोके पडली होती आणि रबरी पट्ट्या निघून गेल्या होत्या. गावाने वर्गणी जमवली, गावातल्याच वेल्डिंगवाल्याने मजुरी न घेता काम करून देण्याचे कबूल केले आणि ग्रामसभेने तसा ठरावही केला. संबंधित कार्यालयाने कळवले की बंधारा शासनाची मालमत्ता आहे, त्यामुळे अंदाजपत्रक आणि मंजुरी यांशिवाय त्याला हात लावता येणार नाही. आम्ही अर्ज दिले, पोच घेतली, पुन्हा गेलो. दिवाळीपर्यंत पाणी डोळ्यांदेखत वाहत राहिले, आणि मग ते थांबले, कारण वाहायला काही उरलेच नव्हते. माझ्या चुलत्यांनी सोसायटीचे कर्ज काढून आल्याचे पीक लावले होते. आले जमिनीत राखून भावाची वाट पाहता येते, पण त्यासाठी पाणी लागते. जानेवारीतच विहीर तळाला गेली आणि पडत्या भावात, पुरते न भरलेले आले त्यांना काढावे लागले. पुढे दुभती म्हैस विकली. दुरुस्तीची मंजुरी आली तेव्हा ओढ्याच्या पात्रात मुले क्रिकेट खेळत होती.

पैसे थोडे का होईना, गावाकडे होते. कसब होते, ठराव होता, केव्हा काय करायचे याचे ज्ञान होते. नव्हता तो फक्त अधिकार. म्हणून मी निधी आणि मालकी या दोन्ही गोष्टी एकत्र मागतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला आणि 40 टक्के गावाच्या गरजेनुसार खर्चायला मोकळा ठेवला. पण जो बंधारा ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीतच नाही, त्याच्यावर तो खर्च दाखवायचा कसा?

त्या 40 टक्क्यांचे काही गावांत पेव्हर ब्लॉक आणि कमानी होतात, आणि ग्रामसभेत तीच चार माणसे बोलतात, हे मी नाकारत नाही. दलित वस्तीकडे जाणारी वाट त्याच ब्लॉकच्या कडेला चिखलात राहिलेली मी पाहिली आहे. परंतु कार्यालयात बसून ठरवलेली कामे तरी त्या वस्तीपर्यंत कधी पोहोचली? ग्रामसभेत निदान समोर उभे राहून जाब विचारता येतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभारले, तेव्हा खर्चासाठी त्यांनी नदीतील वाळू विकण्याचा हक्क मागितला आणि तो लढून मिळवला. मला मोठी वाटते ती त्यांच्या पाणीवाटपाची अट: पाण्याचा समान वाटा प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा. स्थानिक मालमत्तेत सरकारने पैसा का घालावा, याचे याहून चांगले कारण मला सुचत नाही, कारण असा नियम करणे आणि तो पाळून घेणे एखाद्या खात्याला जमल्याचे मी पाहिलेले नाही.

आमच्या गावात तो नियम येईल की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. बंधारा आता भरतो, आणि भरला की वरच्या अंगाला पाणी उपसणाऱ्या मोठ्या मोटारी बसतात, उसाचे क्षेत्र वाढते. घरटी समान पाणी द्यावे, असे मी ग्रामसभेत मांडले, तेव्हा सर्वांत मोठा विरोध माझ्या चुलत्यांनीच केला. त्यांचे म्हणणे असे की वर्गणी ज्यांनी दिली, पीक ज्यांचे बुडाले, त्यांचा हक्क आधी. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे, आणि चुलत्यांना पटेल असे उत्तर अजून मला सापडलेले नाही.