एकच थेंब

डोळे चोळण्याइतकं फुकटचं सुख दुसरं नाही. ऊन तापायला लागलं, रस्त्यावरची धूळ उडायला लागली की हात आपोआप डोळ्यांकडे जातो. चोळताना अगदी ब्रह्मानंदी टाळी लागते आणि मिनिटभरात खाज दुप्पट. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, साठवून बसलेल्या असतात. परागकण आले की त्या ते सोडतात, आणि चोळलं तरी सोडतात.

डोळ्यांच्या या अॅलर्जीवर औषध म्हणजे ओलोपॅटाडिनचे थेंब. ते हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत, शिवाय मास्ट पेशींनाही आवरतात. काही मिनिटांत माणूस पुन्हा माणसांत येतो. पण लोक त्याला माणसांत घेतील तर ना! लाल डोळे दिसले की "डोळे आलेत वाटतं" म्हणत समोरचा दोन पावलं मागे सरकतो. अॅलर्जी लागत नाही, हे कितीही सांगा. जवळच्या औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचेच म्हणून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारेही असतात. त्यातून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो, तेव्हा तिथे मात्र थट्टा नको.

थेंब घालणं हा वेगळाच प्रकार. खालची पापणी ओढून वर बघायचं, आणि ऐन वेळी डोळा मिटतो. औषध भुवईला, गालाला, कधी कानाला. आमच्या आईचा एका थेंबावर विश्वासच नाही. "एकानं काय होतंय? दोन टाक." वास्तविक डोळ्यात एरवी असतं जेमतेम ७ मायक्रोलिटर पाणी आणि बाटलीतून पडतो तो थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे पहिलाच मावत नाही. उरलेलं गालावरून ओघळतं, नाहीतर नाकातून घशात उतरून कडू लागतं. नाकालगतचा कोपरा मिनिटभर दाबून धरला तर तेवढं टळतं.

बाटली उघडली की साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. मी हिशेब मांडला: बाटली ५ मिलीची, दोन डोळे, दिवसातून दोनदा, एकेक थेंब. बरोबर महिनाभर पुरते. मोठ्या उत्साहानं आईला हे सांगितलं.

"म्हणूनच दोन टाकते," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत संपते. टाकून द्यायची वेळच येत नाही."