सेक्वॉन बार्क्ली गेला, पण जायंट्स खरे चुकले कुठे?

न्यू जर्सीत मार्चमध्ये फुटबॉलचा एकही सामना नसतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, फेब्रुवारीत सुपर बोलने संपतो आणि पुढचा सामना सहा-सात महिने लांब असतो. तरीही ऑफिसच्या पँट्रीत, न्यूयॉर्कला जाणाऱ्या ट्रेनमध्ये आणि क्रीडा रेडिओवर लोक सगळ्यात जास्त हमरीतुमरीवर येतात ते याच महिन्यात. कारण मार्चमध्ये संघ बांधले जातात. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणाला किती दिले, यावर इथला माणूस सामन्यापेक्षा जास्त भांडतो.

(हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, अंडाकृती चेंडूचा. आपल्याकडचा फुटबॉल इथे सॉकर.)

न्यू जर्सी राज्याला स्वतःच्या नावाचा संघ नाही. न्यूयॉर्क जायंट्स आणि न्यूयॉर्क जेट्स हे दोन्ही संघ ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर, म्हणजे न्यू जर्सीतच खेळतात. राज्याचा दक्षिण भाग मात्र फिलाडेल्फिया इगल्सचा. ही सीमारेषा राज्याच्या मधोमध कुठेतरी जाते, आणि एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या मराठी घरांनी भरलेल्या गावांच्या आसपासच ती पुसट होते. एकाच शाळेच्या बसमध्ये निळी आणि हिरवी, दोन्ही जर्सी दिसतात. म्हणून जायंट्सचा हुकमी खेळाडू इगल्सकडे जातो तेव्हा ते भांडण पार आपल्या लोकांच्या पॉटलकपर्यंत पोचतं.

२०२४ च्या मार्चमध्ये नेमकं तेच झालं. सेक्वॉन बार्क्ली हा जायंट्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरची भिंत फोडत पळणारा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या फेरीफेरीने होणाऱ्या वार्षिक निवडीत, जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडला होता. सहा वर्षांनी त्याला जाऊ दिलं. इगल्सनी त्याच्याशी तीन वर्षांचा ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला, त्यातले २ कोटी ६० लाख खात्रीचे. पहिल्याच हंगामात तो १६ सामन्यांत २,००५ यार्ड धावला. एका हंगामात दोन हजार ओलांडणारा तो एनएफएलच्या इतिहासातला नववा खेळाडू. ऑक्टोबरात मेटलाइफवर परत आला तेव्हा एकट्याने १७६ यार्ड काढले आणि इगल्स २८-३ ने जिंकले. ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्याने सुपर बोल जिंकला. त्याच हंगामात जायंट्स ३-१४, म्हणजे तीन विजय आणि चौदा पराभव.

जखम खोल आहे, यात शंकाच नाही. संघाचे एक मालक जॉन मारा यांनी ‘बार्क्ली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण’ अशा अर्थाचं जनरल मॅनेजर जो शेन यांना सांगितलं होतं, आणि तो प्रसंग त्या उन्हाळ्यात टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिला. तेव्हापासून प्रत्येक वाद त्याच वाक्यापाशी येऊन थांबतो. मालकाला कळत होतं, मॅनेजरला कळलं नाही, विषय संपला.

माझ्या मते विषय तिथे सुरूसुद्धा होत नाही. बार्क्लीला मार्च २०२४ मध्ये सोडणं ही मूळ चूक नव्हती. चूक एक वर्ष आधी झाली होती, आणि ती बार्क्लीच्या नाही, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून सगळं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, करारात होती.

त्यासाठी सॅलरी कॅपचं गणित समजून घ्यावं लागतं. प्रत्येक संघाला वर्षाला ठरावीक रकमेच्या आतच सगळे खेळाडू बसवावे लागतात. ही मर्यादा २०२३ साली २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, २०२४ साली २५ कोटी ५४ लाख, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. आयपीएलच्या पर्ससारखंच वाटेल, पण एक मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये लिलावाआधी खेळाडू सोडला की त्याची रक्कम पर्समध्ये परत येते. इथे सहीच्या वेळी दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात लगेच जमा होतो, पण कॅपच्या हिशोबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटून मांडतात. मधेच खेळाडू सोडला तर उरलेले हप्ते माफ होत नाहीत, ते अंगावर येतात. जो माणूस आपल्याकडे नाही, त्याच्यासाठी कॅपमधली जागा अडते. याला इथे डेड मनी म्हणतात.

आता मार्च २०२३ कडे या. आदला हंगाम जायंट्ससाठी अनपेक्षितपणे चांगला गेला होता. ९-७-१ (शेवटचा एक बरोबरीतला), प्लेऑफमध्ये मिनेसोटावर ३१-२४ असा विजय, मग इगल्सकडून ३८-७ असा सपाटून मार. बार्क्ली १,३१२ यार्ड धावला होता. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स धावला छान, ७०८ यार्ड, पण फेकीवर टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) फक्त १५. दोघांचेही करार एकाच वेळी संपत होते आणि संघाकडे फ्रँचायझी टॅग एकच होता.

हा टॅग म्हणजे संघाच्या हातातलं हुकमाचं पान. मुदत संपलेल्या एका खेळाडूला संघ एका वर्षासाठी ठरलेल्या दराने अडवून ठेवू शकतो. दर त्या जागेवरच्या सगळ्यात महागड्या खेळाडूंच्या आकड्यांवरून निघतो. २०२३ मध्ये रनिंग बॅकसाठी तो १ कोटी ९१ हजार डॉलर होता, क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाखांच्या घरात. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावला तर रक्कम वीस टक्क्यांनी वाढते.

७ मार्चला मुदत संपायला काही मिनिटं असताना जायंट्सनी जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला आणि टॅग बार्क्लीला लावला.

खरं भांडण व्हायला हवं ते या निर्णयावर. उलट केलं असतं तर? जोन्सला एका वर्षाचा टॅग आणि बार्क्लीशी लांबचा करार? यातली अडचणही सांगायला हवी. टॅगची पूर्ण रक्कम त्याच वर्षाच्या कॅपवर बसते, वाटून मांडता येत नाही. २२ कोटी ४८ लाखांतले सव्वातीन कोटी एकाच माणसात गेले असते, आणि त्या मार्चमध्ये बाकी खरेदीला हात आखडता घ्यावा लागला असता. लांबच्या करारात जोन्सचा पहिल्या वर्षाचा भार बराच कमी होता. शेन यांनी आजची सोय पाहिली आणि उद्याची जोखीम घेतली.

ती जोखीम कशी अंगाशी आली ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जोन्सच्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला. टॅगवर असता तर हंगाम संपताच तो मोकळा झाला असता, कॅपवर पैचाही बोजा न ठेवता. पण करार चालू होता. २०२४ साली त्याचा कॅपवरचा भार पावणेपाच कोटींच्या पुढे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला आधी बाकावर बसवलं आणि चार दिवसांत सोडलं. करारात एक कलम होतं: तो जखमी झाला आणि पुढच्या मार्चपर्यंत बरा झाला नाही, तर २०२५ चे २ कोटी ३० लाख द्यावे लागले असते. म्हणून त्याला मैदानावर उतरवणंच परवडेना.

एवढं करूनही २०२५ च्या कॅपवर त्याचे २ कोटी २२ लाख डॉलर राहिले. हा आकडा असा जमतो: सहीचा बोनस ३ कोटी ६० लाख, चार वर्षांवर वाटला की वर्षाला ९० लाख, दोन वर्षं उरली म्हणून १ कोटी ८० लाख. शिवाय २०२३ मध्येच जागा करायला त्याच्या पगारातले ८४ लाख बोनसमध्ये बदलून पुढे ढकलले होते, वर्षाला २१ लाख. त्याचे दोन हप्ते ४२ लाख. बेरीज करा. बार्क्लीच्या इगल्सबरोबरच्या २०२४ च्या कराराची वर्षाची सरासरी साधारण १ कोटी २६ लाख होती. जायंट्सनी संघात नसलेल्या क्वार्टरबॅकसाठी त्याच्या पावणेदोनपट जागा अडवून ठेवली.

आणि हे टाळता येण्यासारखं होतं, तेही २०२२ मध्येच. जोन्स पहिल्या फेरीतला खेळाडू असल्याने संघाकडे २०२३ साठी सुमारे २ कोटी २४ लाखांत त्याला ठेवण्याचा पर्याय होता. नव्याने आलेल्या व्यवस्थापनाने तो नाकारला. तेव्हाचा त्याचा खेळ पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. पण ज्याच्यावर सव्वादोन कोटींचा विश्वास नव्हता, त्याच्यावर एका हंगामाच्या जोरावर सोळा कोटींची सही, हे मला आजही पटत नाही.

मग मार्च २०२४ मध्ये बार्क्लीला ठेवायला हवं होतं का? दुसऱ्या टॅगचा दर १ कोटी २१ लाख झाला असता. बार्क्ली सत्तावीस वर्षांचा, २०२० मध्ये एसीएल फाटून बरा झालेला, २०२३ मध्ये १४ सामन्यांत ९६२ यार्ड. रनिंग बॅक या वयानंतर झपाट्याने उतरतात, म्हणूनच संघ त्यांना खात्रीचे पैसे द्यायला कचरतात. ‘इगल्सकडे दोन हजार केले म्हणजे इथेही केले असते’ हे मात्र मान्य होण्यासारखं नाही. रनिंग बॅकला वाट काढून देतात समोरचे पाच धिप्पाड लाइनमन. इगल्सकडे जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सन दोन टोकांना उभे होते. जायंट्सच्या लाइनने २०२३ मध्ये आपला क्वार्टरबॅक ८५ वेळा आडवा होऊ दिला, लीगच्या इतिहासातला दुसरा सर्वात वाईट आकडा. त्या भिंतीमागून बार्क्ली चेंडू मिळताच दोघातिघांच्या मिठीत जायचा.

त्याला सोडायचंच होतं तर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, संघ २-६ असताना, ट्रेड करायला हवं होतं, हा चाहत्यांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्याच आठवड्यात जायंट्सनी लेनर्ड विल्यम्सला सिएटलला देऊन पुढच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड मिळवली होती. बार्क्लीला ठेवून घेतलं आणि चार महिन्यांनी सोडून दिलं. हे ना धड इकडचं ना तिकडचं.

बार्क्लीच्या गोंगाटात एक जाणं जवळजवळ विसरलं गेलं. सेफ्टी झेवियर मॅकिनी. वय चोवीस, मधल्या बचावाचा कणा. ग्रीन बेने त्याला चार वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख दिले. पहिल्याच हंगामात त्याने आठ फेकी अडवून पकडल्या आणि लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. सत्तावीस वर्षांचा रनिंग बॅक सोडण्याचं समर्थन करता येतं. ऐन उमेदीतला सेफ्टी सोडण्याचं कसं करायचं, मला सुचत नाही. त्याच्या जागी टायलर न्यूबिनला आणलं, तेही विल्यम्सच्या बदल्यात मिळालेल्या ४७ व्या निवडीवर. म्हणजे ती कमाई नव्याने पाडलेलं भोक बुजवण्यात गेली.

बार्क्लीच्या जागी आलेला डेव्हिन सिंगलटरी, तीन वर्षांचे १ कोटी ६५ लाख, हंगाम संपेपर्यंत मागे पडला. पाचव्या फेरीत निवडलेला टायरोन ट्रेसी ८३९ यार्ड धावला, तोही नवखा, अत्यल्प पगारावर. ‘रनिंग बॅक स्वस्तात मिळतो’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसं आहे. बार्क्लीवाल्यांचं त्याने समाधान होणार नाही, हेही खरं.

मार्चमधल्या बातम्या वाचताना एक सवय लावून घ्यावी. सोमवारी दुपारी बाराला एजंटांशी बोलणी खुली होतात, लीगचं नवं वर्ष बुधवारी दुपारी चारला लागतं, आणि या दोन दिवसांत येणारे आकडे बहुतेक एजंटांकडून आलेले, फुगवलेले असतात. बार्क्लीचा आकडा ४ कोटी ६७ लाख ५० हजारांपर्यंत सांगितला गेला. त्यातले ९० लाख कामगिरीवर अवलंबून होते. त्याच मार्चमध्ये जायंट्सनी घेतलेल्या ब्रायन बर्न्सचे सांगितले १५ कोटी, मूळ करार १४ कोटी १० लाख. दोन-तीन दिवस थांबून ओव्हर द कॅप किंवा स्पोट्रॅक या करारांचे आकडे देणाऱ्या संकेतस्थळांवर तीन गोष्टी पाहाव्यात: सहीच्या क्षणी खात्रीचं किती, पहिल्या दोन वर्षांत हातात किती, आणि कोणत्या वर्षी सोडलं तर डेड मनी किती. इगल्सनी बार्क्लीचा करार असा रचला की २०२४ च्या कॅपवर त्याचा भार ४० लाखांच्याही आत बसला, बाकीचा पुढच्या वर्षांवर ढकलला. ते उधारीच करत होते, जायंट्ससारखीच, पण जिंकणाऱ्या संघाने आणि मजबूत लाइनमागे केलेली उधारी.

जायंट्सच्या हाती मॅकिनीबद्दल लीगने दिलेली एक भरपाईची निवड लागली, २०२५ च्या ड्राफ्टमधली ९९ वी. जोन्स गेल्यावर नवा क्वार्टरबॅक हवाच होता, म्हणून ती ९९ वी, स्वतःची ३४ वी आणि २०२६ मधली तिसऱ्या फेरीची निवड ह्यूस्टनला देऊन त्यांनी २५ वी घेतली आणि जॅक्सन डार्टला निवडलं. मार्च २०२३ मधल्या त्या सहीचं बिल असं २०२६ च्या ड्राफ्टपर्यंत फिरत राहिलं.