तुम्ही विचारलंत म्हणून: "त्यात तुम्हाला सुटतं काय?"

लग्नात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना प्रश्न एकच. "वेल्ह्याच्या शेतकऱ्यांना जूनमध्ये एवढे पैसे देऊन ठेवता, त्यात तुम्हाला सुटतं काय?" आजवर "तांदूळ" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

सुटतो तांदूळच. पुण्यातली आम्ही काही घरं मिळून तिकडच्या डोंगरातल्या शेतकरी बायकांना जूनमध्ये पैसे देतो, आणि दिवाळीनंतर त्यांच्याकडून इंद्रायणी तांदूळ येतो, आधी ठरलेल्या भावाने. एफडीइतकं काही पडत नाही. पण याला दान म्हटलं की मला राग येतो. दान घेणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, आमच्या या शेतकरी बायका ठरवतात, आणि चांगल्या घासाघीस करतात.

2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या दर शंभर खातेदारांपैकी 86 जणांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. अशा घराचं वर्ष कसं जातं ते बघा. बी, खत, आवणीची मजुरी, सगळं जूनमध्ये उधारीवर. कापणी झाली की दुकानदार दारात, म्हणून भात पडेल त्या भावाला विकायचा. मग आषाढ-श्रावणात, रेशनचे माणशी पाच किलो संपले की, किराणा दुकानातून चढ्या भावाने तांदूळ आणायचा. पिकवणाऱ्याच्या घरातली भूक ही अशी असते. जूनमध्ये हातात रोकड असेल तर उधारी टळते आणि भात कणगीत थांबू शकतो. आम्ही पैसे घालतो ते एवढ्यासाठी.

"सरकारी योजना आहेत की!" आहेत. पूर्वी मीही हेच ऐकवायचे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, मुदत 180 दिवस. योजना चांगली आहे, आजही म्हणेन. पण माल बाजार समितीच्या गोदामापर्यंत न्यायचा असतो, आणि पाच-सात पोत्यांसाठी डोंगरातून टेम्पो कोण सांगणार? शिवाय ते पैसे पीक हातात आल्यावर मिळतात. नड असते मृगाला.

आता ऑक्टोबर 2022 चं सांगते, कारण लोक खरं तर त्याबद्दलच विचारत असतात. परतीच्या पावसाने पुण्यात रस्त्यांचे ओढे झाले, ते दिवस. आमच्या या शेतकरी बायकांपैकी एकीचा भात कापून खाचरात पसरलेला होता. मी पोचले तेव्हा घोटाभर पाणी साचलं होतं. तिने पाण्यातून एक लोंबी उचलली, दाणे चोळून माझ्या तळहातावर ठेवले. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. वास आंबूस. गिरणीत घातला असता तर नुसती कणी निघाली असती.

विमा नव्हता. सातबारा अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद भावकीत अडकलेली. त्यामुळे पीककर्जही नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ताई, तुमचं पैसं बुडवायची न्हाई मी. म्हस काढती."

मी नको म्हटलं. नुकसान निम्मं-निम्मं सोसायचं असं आमचं तोंडी ठरलेलं होतं. पण पुण्यात आमच्या घरी बैठक बसली तेव्हा ते सगळ्यांना सारखं आठवेना. "मग ही गुंतवणूक कसली, दानच झालं" असं एक गृहस्थ म्हणाले. मी तावातावाने म्हटलं, "शेअर बाजार पडला तर तुम्ही कंपनीच्या मालकाची म्हैस मागता का?" दोन घरं त्या दिवसापासून सुटली. उरलेल्यांनी तिच्याकडची सगळी रक्कम सोडून दिली, निम्मी नाही.

आणि म्हैस तरीही गेली. आमचे पैसे बियाणं आणि आवणीत संपले होते, खत तिने तालुक्याच्या दुकानातून उधार उचललं होतं. ती उधारी आमच्या बैठकीत माफ होणार नव्हती. रोज डेअरीला जाणारं दूध बंद झालं. हे मी कुणाला सांगत नव्हते, कारण विचारणाऱ्यांना तेवढंच लक्षात राहतं.

आता खताचेही पैसे आधीच देतो, आणि नुकसानीचा वाटा कागदावर आहे. तरी आम्ही मूठभर घरं कितीशी जोखीम पेलणार? लागोपाठ दोन वर्षं पाऊस असा आला तर आम्ही टिकू की नाही, खरंच सांगता येत नाही. वारसनोंदीचं काम सरकारनेच मार्गी लावायला हवं, तिथे माझे पैसे काही कामाचे नाहीत. पण ते होईपर्यंत तिने जून कसा काढायचा, हे मला विचारणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही.

गेल्या श्रावणात तिच्या घरी विकतचा तांदूळ आला नाही. शेजारच्या दोघींकडे आला. त्या दोघी आमच्याकडून पैसे घ्यायला तयार नाहीत. म्हैस टेम्पोत चढवताना त्या तिथेच उभ्या होत्या.