लंडनमध्ये कोर्टाची पायरी

खरं कारण सांगते, मला बाथरूमला जायचं होतं.

वेस्टमिन्स्टर ॲबीच्या रांगेत पाऊण तास झाला होता, वरून लंडनचा तो चोरटा पाऊस, आणि नवऱ्याला काही झालं तरी राजेलोकांची थडगी बघायचीच होती. जवळच सुप्रीम कोर्टाची दगडी इमारत दिसत होती. तिथे कुणीही जाऊन बसावं, पैसे लागत नाहीत, असं भाचीने सांगितलं होतं. शहाण्याने चढू नये म्हणतात ती पायरी मी धावतच चढले.

पर्स मशीनमधून गेली, बस्स. "काय काम आहे?" असं कुणी विचारलं नाही. खाली तळघरात कॅफेसुद्धा आहे. कॉफी महाग आणि पांचट, पण बूड टेकायला जागा मिळाली. मग वाटलं, आलोच आहोत तर बघू.

हे कोर्ट तसं कालपरवाचं, ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेलं. इमारत त्याहून जुनी, १९१३ ची. त्याआधी देशातलं शेवटचं अपील समोरच्या पार्लमेंटमध्येच, हाउस ऑफ लॉर्ड्समधले न्यायाधीश ऐकायचे. कायदे करणारं घर आणि निवाडा करणारं घर एकच! ते वेगळं करणारा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं, आणि आम्ही शाळेत नागरिकशास्त्रात यांचेच गोडवे पाठ करत होतो. न्यायाधीश बारा, एका खटल्याला बहुतेक वेळा पाच बसतात. स्कॉटलंडचे फौजदारी खटले मात्र सहसा इथे येतच नाहीत, ते एडिंबरोलाच संपतात.

तीन नंबरच्या कोर्टात शिरले आणि कोपऱ्यातला झेंडा बघून चमकले. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा. हा तर मॉरिशसचा! शेजारच्या खुर्चीवरच्या कॉलेजच्या पोराने कुजबुजत सांगितलं, "आज प्रिव्ही कौन्सिल आहे, इंग्रजांच्या काही जुन्या वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणारं कोर्ट."

प्रिव्ही कौन्सिल!

आमच्या आजोबांचा भावकीशी बांधावरून दावा होता. हातभर रुंदीचा बांध, त्यावर एक बाभूळ. आजोबा पडवीत बसून गरजायचे, "प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण बाभूळ सोडणार नाही!" मला लहानपणी वाटायचं, प्रिव्ही कौन्सिल म्हणजे तालुक्याच्या पुढचं एखादं गाव असणार. गंमत म्हणजे भारतातून तिकडे अपील न्यायची वाट १९४९ मध्येच बंद झाली होती. पुढच्या जानेवारीत दिल्लीला आपलं सुप्रीम कोर्ट आलं. आजोबा मात्र त्यानंतर पंचवीस वर्षं तीच धमकी देत होते, आणि भावकी घाबरतही होती.

घाबरायला कारण होतं. टिळकांचं ताईमहाराज प्रकरण असंच इकडे आलं होतं. पुण्यातल्या विधवेचं दत्तकविधान, ते झालं औरंगाबादेत १९०१ साली, आणि त्याचा शेवटचा निकाल लागला लंडनमध्ये, १९१५ ला, टिळकांच्या बाजूने. चौदा वर्षं! कागद छापायचे, बोटीने पाठवायचे, इथला वकील उभा करायचा. ज्याच्याकडे पैसा त्यालाच ही धमकी शोभायची.

आता सगळं घरगुती वाटत होतं. न्यायाधीशांच्या अंगावर ना झगा, ना डोक्यावर विग, साधे सूट. खटला कुठल्याशा सामायिक जमिनीचा. इंग्रजांनी १८१० मध्ये मॉरिशस बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण फ्रेंच कायदा राहू दिला, म्हणून वकील फ्रेंच कलमं इंग्रजी जिभेने वाचत होते आणि एक न्यायाधीश बाई "पान चारशे बारा का?" असं शांतपणे विचारत होत्या. मॉरिशस १९९२ पासून प्रजासत्ताक आहे. तरी शेवटचं अपील अजून इथेच, आजोबा म्हणायचे त्याच दारात.

ज्यांची जमीन त्यांच्यापैकी कुणी समोर दिसेना. मॉरिशसमध्ये तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. आपल्या कोकणातूनही माणसं त्या बेटावर गेली, त्यांच्यापैकी कुणाचा असेल का हा तुकडा, असं उगाच वाटत राहिलं. त्यावर झाड असेल का? आणि हे लिहायला लाज वाटते, पण कलम अमुक, पोटकलम तमुक ऐकता ऐकता माझा चक्क डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळे उठून उभे होते. मीही उभी राहिले.

निकाल त्या दिवशी लागणारच नव्हता, तो काही महिन्यांनी येतो म्हणे.

बाहेर नवरा चिंब भिजून, थडगी पाहून, खूश होऊन उभा होता. पुढचे चार दिवस म्युझियम, बस आणि पायांची सूज यात गेले, त्यातलं विशेष काही आठवत नाही.

त्या खटल्याचा नंबर मी कॉफीच्या पावतीमागे लिहून आणलाय. दर आठवड्याला फोनवर बघते, निकाल आला का. आमच्या बांधाच्या दाव्याची तारीखही हल्ली मोबाईलवर दिसते, काकांनी ॲप टाकून दिलंय. ते मात्र मी अजून उघडलेलं नाही.