आमची वाटचाल: भोसरीतला गाळ, पिंपं आणि निळी कॉपी

भोसरी एमआयडीसीत एका झिंक प्लेटिंगच्या (धातूवर जस्ताचा थर चढवणाऱ्या) शॉपमध्ये मी केमिस्ट होते. म्हणजे नावाला केमिस्ट, सकाळी बाथचं (प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणाचं) टायट्रेशन, दुपारी कस्टमरकडून माल रिजेक्ट का आला त्याची कारणं शोधायची, आणि संध्याकाळी ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) पीएच पण मीच बघायचा कारण ऑपरेटर तोवर घरी गेलेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये घातक कचऱ्याचे नवीन नियम आले, २००८ चे जुने गेले, आणि शेठनी गॅझेटचं प्रिंटाऊट माझ्या टेबलावर टाकलं, "तुम्ही एमएस्सी आहात, वाचा आणि मला दोन पानांत सांगा." मी ते मराठीत लिहून दिलं, म्हणलं शेठ, सुपरवायझर, पोरं सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. ते कागद झेरॉक्स होऊन शेजारच्या शॉपमध्ये गेले, तिथून पुढच्या लेनमध्ये, आणि मग संध्याकाळी गेटवर माणसं थांबायला लागली, मॅडम हे आम्हाला लागू आहे का. आमच्या फर्मचं भांडवल विचाराल तर ते एवढंच.

पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि दिरांबरोबर ही फर्म काढली, कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे कागद आणि गाड्या बघायची. माझे दीर ट्रान्सपोर्टमध्ये होते, त्यांना गाड्या, ड्रायव्हर, वजनकाटा कळायचा, मला केमिकल आणि कागद. सासूबाई अजूनही पाहुण्यांना सांगतात की दोघं "पोल्युशनचं काहीतरी" करतात.

सुरुवातीला सगळा धंदा फाईलींचा. कन्सेंट (कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण बोर्डाची परवानगी) रिन्यूअल, ऑथोरायझेशनचा (घातक कचरा हाताळायच्या परवानगीचा) फॉर्म १, ३० जूनच्या आत फॉर्म ४ चा वार्षिक रिटर्न. माणूस येणार, मागच्या वर्षीचा रिटर्न टेबलावर ठेवणार आणि म्हणणार ह्यातच थोडं कमीजास्त करून टाका ना. दीर तेव्हाच म्हणाले की आकडा टाकायच्या आधी पिंप बघायचं, बघितल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. ह्या एका गोष्टीमुळे बरीच गिऱ्हाईकं गेली, कारण बाजारात घरबसल्या फाईल करून देणारे भरपूर आहेत आणि आमच्यापेक्षा स्वस्त आहेत. पण जे राहिले ते आजपर्यंत आहेत.

पिंप बघायला लागलो तेव्हा कळलं की लोकांच्या मते घातक कचरा म्हणजे फक्त ईटीपीचा गाळ. तो तर आहेच, नियमांच्या यादीत, म्हणजे शेड्युलमध्ये, ३५.३ नंबरखाली येतो, प्लेटिंगच्या टाकीच्या तळाचा गाळ १२.८ मध्ये. पण मशीनचं काढलेलं ऑइल ५.१, तेलाने भिजलेल्या चिंध्या ३३.२, आणि केमिकलची रिकामी पिंपं ३३.१, ही पण त्याच शेड्युलमध्ये आहेत, आणि ही सगळी खुशाल भंगारवाल्याला जायची. वर त्याचे पैसे मिळायचे! गाळ द्यायचा तर पैसे मोजावे लागतात आणि पिंप दिलं तर पैसे मिळतात, मग कोण ऐकणार आमचं.

गाळाचं पण सांगते, कारण खरी गडबड तिथेच असते. क्रोमचं पाणी पिवळं येतं, ते हेक्साव्हॅलंट, क्रोमचं जास्त विषारी रूप. आधी ॲसिड टाकून पीएच दोन-तीनपर्यंत खाली आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, पाणी हिरवट झालं की क्रोम ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी, झालं, मग चुना किंवा कॉस्टिक टाकून पीएच आठ-नऊपर्यंत वर, गाळ खाली बसतो, फिल्टर प्रेसला घ्यायचा. आता ऑपरेटर काय करतो, ॲसिड वाचवतो. पीएच पाचला असतानाच पावडर ओततो, रिॲक्शन धड होत नाही, पाणी पिवळंच पुढे जातं आणि हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, रिपोर्ट फेल. मग मालक म्हणतो लॅब चुकीची आहे. आणि जिथे सायनाइडची लाइन आहे तिथे उलटं, पीएच दहाच्या वर ठेवून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) टाकायचं, आणि ॲसिडचा थेंबसुद्धा त्या पाण्यात जाता कामा नये, विषारी गॅस होतो. दोन्ही लाइनची पाणी एकाच खड्ड्यात जाताना मी पाहिलीत, नाव सांगणार नाही, त्या दिवशी तिथे बसून पाइप वेगळा करून घेतला आणि मगच निघाले.

लहान शॉपची अडचण मात्र खरी आहे, ती बोर्डाच्या साहेबांनी पण समजून घ्यायला पाहिजे असं माझं मत. कचरा ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, आणि छोट्या शॉपचं तेवढ्यात एक पिंपसुद्धा भरत नाही, गाडी मात्र भाडं पूर्ण घेते. वर्षाला दहा टनांच्या आतले जे आहेत त्यांना बोर्ड १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, हे नियमात आहे पण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचं असतं हेच माहीत नसतं. आम्ही दुसरं काय केलं तर एका लेनमधल्या शॉप्सना एकाच दिवसाची गाडी लावून दिली. गाडी ऑथोराइज्ड ट्रान्सपोर्टरचीच, प्रत्येकाचं वजन वेगळं, पिंपं वेगळी, मॅनिफेस्ट (मालाबरोबर जाणारा नोंदीचा कागद) वेगळा, भाडं वाटून. सगळा माल रांजणगावला, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रात. हे जमवायला दिरांनी जेवढे फोन केले असतील तेवढे लग्न जमवायला पण कोणी करत नाही, पण आमचं नाव झालं ते ह्यावरच.

मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म १०, सात रंगांच्या सात कॉपी. पांढरी आपण बोर्डाला पाठवायची, पिवळी आपल्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, केशरी ट्रान्सपोर्टरला, हिरवी घेणारा बोर्डाला पाठवतो, निळी तो परत आपल्याला, आणि माल परराज्यातनं आलेला असेल तर राखाडी तिकडच्या बोर्डाला. गाडी गेटबाहेर गेली की मालक सुटल्यासारखा वागतो. निळी कॉपी आली नाही तर तुमचा गाळ पोचला ह्याचा पुरावाच नाही, आणि वाटेत कुठे नाल्यात सापडला तर दार तुमचंच वाजणार. आता बरंचसं ऑनलाइन झालंय तरी आमच्या ऑफिसात अजून निळी आली का असंच विचारतात.

मध्ये २०१९ ला एक दुरुस्ती झाली, ज्या उद्योगांना पाणी आणि हवा कायद्याखाली कन्सेंट लागत नाही त्यांना घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशन पण लागणार नाही, पण कचरा ऑथोराइज्ड माणसालाच द्यायचा. व्हॉट्सॲपवर फिरलं काय तर "ऑथोरायझेशन रद्द". प्लेटिंगवाले पेढे घेऊन यायचे बाकी होते, आणि प्लेटिंग तर रेड कॅटेगरी, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या गटात, कन्सेंट लागतंच! तेव्हापासून आम्ही स्वतःच मराठीत अपडेट पाठवायला लागलो, साध्या भाषेत, काय बदललं आणि कोणाला लागू नाही हे आधी. जनविश्वास कायद्याचं (बऱ्याच कायद्यांतल्या शिक्षा सौम्य करणारा) पण तसंच झालं. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली जेल गेली, दंड १० हजारापासून १५ लाखापर्यंत. सगळे खूश. मला विचाराल तर आधी कोर्टात केस वर्षानुवर्षं चालायची आणि दंडाची मर्यादा लाखभर होती, आता अधिकारीच चौकशी करून दंड लावणार, लहान माणसाला हे जड आहे.

अपडेट वाचून चिखली-मोशीकडच्या सोसायट्यांमधून पण फोन यायला लागले, ताई नाल्याला पिवळं पाणी येतंय, कुठे तक्रार करायची. गिऱ्हाईकं नाराज झाली, तुम्ही आमच्या बाजूचे का त्यांच्या. आम्ही जातो तरीपण. सांगतो की इंद्रायणीचा फेस नुसता कारखान्यांचा नाही, त्यात आपलं सांडपाणी आणि डिटर्जंट पण आहे, आणि कारखान्याच्या गेटवर घातक कचऱ्याची माहिती देणारा फलक असायला हवा, सुप्रीम कोर्टाचा २००३ चा आदेश आहे, तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं महापालिकेने पाडली तेव्हा मात्र आमचा फोन बंद होईना. पिंपं घेणारा माणूसच गेला. इतकी वर्षं जे आम्ही ओरडून सांगत होतो की रिकामं पिंप धुऊन साफ करणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या, ते लोकांनी एका आठवड्यात ऐकलं. आणि आता जुलै २०२५ चे दूषित जागांचे नियम आलेत, जमिनीत मुरलेलं प्रदूषण कोणी केलं ते शोधून साफसफाईचा खर्च त्याच्याकडनं घ्यायचा, त्यामुळे जुना गाळा (कारखान्याची जागा) विकत घेणारी माणसं आधी आमच्याकडे येतात, मागच्या भिंतीजवळची माती कशी दिसते ते बघून द्या म्हणून. हे काम नवीन आहे, दर अजून आमचे पण ठरलेले नाहीत.

ऑफिसात आता चार पोरी आणि एक ड्रायव्हर आहे. जून महिन्यात फॉर्म ४ मुळे आम्ही कोणाला नीट उत्तर देत नाही, त्याबद्दल रागावू नका. ज्यांचं ऑइलचं पिंप अजून शेडच्या मागे उघड्यावर आहे त्यांनी पावसाच्या आधी ते आत घ्या, खाली ट्रे ठेवा, फॉर्म ८ चं पिवळं लेबल लावा, लाल अक्षरातलं, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही, आणि फोटो पाठवा, बाकीचं फोनवर बोलू.