सायकलवरचे प्रश्न आणि आमच्या मॅडम

स्मरणिकेत गॅदरिंग, स्पोर्ट्स, सहली यावर लिहिणारे भरपूर असतील, मला शाळा सुटल्यावरच्या स्पोकन इंग्लिशच्या सरावाबद्दल लिहायचंय. आमच्यातल्या काही जणांना पुढे आयईएलटीएस, म्हणजे परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची होती आणि मॅडम आमच्यासाठी थांबायच्या. त्यांचा आवडता विषय होता सायकल.

सायकलच का, हे करता करता कळत गेलं. लहानपणी सायकल होती का असं विचारलं की भूतकाळ आलाच, ‘यूज्ड टू’ आपोआप तोंडात बसतं, हल्ली चालवतेस का म्हटलं की वर्तमानकाळ, आणि ऑफिसला सायकलने जाशील का म्हटलं की ‘इफ’ आणि ‘वुड’. शिवाय गाडी बरी की सायकल, ही तुलना असतेच. म्हणजे अख्खं ग्रामर एकाच विषयात फिरून येतं आणि वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

आणि पाठ केलेलं उत्तर मॅडमना अजिबात चालायचं नाही. कुणी ‘सायकलिंग इज गुड फॉर हेल्थ अँड एन्व्हायर्नमेंट’ म्हटलं की लगेच विचारायच्या, अगं कुणाची सायकल, शिकवली कुणी, चेन पडली की काय करायचीस? मग ती मुलगी जे बोलायची ते खरंच ऐकावंसं वाटायचं, कारण चेन, ब्रेक, पंक्चर, मडगार्ड, कॅरिअर हे सगळं तिच्या हाताखालचं असायचं. त्या म्हणायच्या, परीक्षक तुझं मत बरोबर की चूक ते बघत नाहीत, भाषा बघतात. त्यामुळे सायकल येत नसेल तर येत नाही म्हणून सांग आणि का ते सांग, तेही पूर्ण उत्तरच आहे. माझ्या मते घाबरणाऱ्या मुलांना याहून मोठा आधार नाही.

आयईएलटीएसमधली बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांत. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, विचार करायला 1 मिनिट आणि मग 1 ते 2 मिनिटं एकट्याने बोलायचं. मॅडम कार्ड स्वतः लिहून आणायच्या, उदाहरणार्थ तुम्ही शिकलेलं एखादं कौशल्य, आणि त्या मिनिटात पूर्ण वाक्य लिहायला बंदी, फक्त सुटे शब्द लिहायचे. कुणी शिकवलं, कुठे, पडलो तेव्हा, आता. एवढ्यावर दोन मिनिटं आरामात निघतात, आणि वेळ संपली की परीक्षक मधेच थांबवतात त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

तिसऱ्या भागात प्रश्न मोठे होतात, शहरांनी सायकलसाठी काय करावं, वाहनं कशी बदलत गेली वगैरे. इथे माहिती उपयोगी पडते. नेदरलँड्समधे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत हे मला तेव्हाच कळलं, आणि 1817 साली कार्ल फॉन ड्रायस यांनी केलेल्या दोनचाकीला पेडलच नव्हतं, पायाने जमीन ढकलत जायचं, हेही. पण एक माहिती सांगितली की लगेच ‘सो’ किंवा ‘दॅट्स व्हाय’ म्हणून आपलं म्हणणं जोडायचं हा त्यांचा आग्रह, नुसती सनावळी ओतायची नाही. मला हे अगदी पटतं, तिथे निबंध वाचून दाखवायचा नसतो, गप्पा चालू ठेवायच्या असतात.

उच्चारांवर तर त्या जीव तोडून मेहनत घ्यायच्या. ‘बायसिकल’मधे जोर पहिल्या ‘बाय’वर. ‘व्हील’ म्हणताना ओठ गोल, ‘व्हेइकल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, आणि हे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत करायचो. प्रश्न कळला नाही तर सरळ पुन्हा विचारा, गप्प बसू नका, असं तर रोजचं सांगणं. नंतर जोड्या पाडून एक परीक्षक, एक विद्यार्थी, मोबाईलवर रेकॉर्डिंग, आणि ऐकताना कुठे अडकलो ते आपलं आपणच शोधायचं.

मॅडम, तुम्ही हा वेळ आम्हाला तुमच्या घरच्या वेळेतून दिलात, हे मला आता नोकरी करताना नीट कळतंय. आत्ता शाळेत असलेल्या मुलांसाठी हा सराव पुन्हा सुरू होणार असेल तर मला जरूर कळवा, परीक्षकाच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारायला मी येईन.