बारा वाजता लाइट येणार

शनिवार, रात्रीचे दीड.

होस्टेल झोपलंय. कॉलेजसाठी करायच्या शॉर्ट फिल्मचा शेवटचा कट लावून लॅपटॉप मिटला. सहा मिनिटं चाळीस सेकंद. सरांनी सात मिनिटांच्या आत सांगितलं होतं, म्हणजे वीस सेकंद खिशात. डोळे चुरचुरतायत, झोप मात्र येईना.

विषय होता थ्रिलर. वर्गात फळ्यावर जेवढी लक्षणं लिहिली होती, तेवढी सगळी मी पहिल्या पटकथेत कोंबली. काळ्या हूडीतला बिनचेहऱ्याचा माणूस, मागून येणारी पावलं, धडधडणारं संगीत, भलत्यावरच संशय आणि शेवटी धक्का: खुनी म्हणजे जिवाभावाचा मित्रच. सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "छान आहे. कुठल्या देशात घडतं?"

दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. (त्यांना हे कळलंसुद्धा नसणार.)

मग दिवाळीला गावी गेलो. आमचं गाव अंबाजोगाईच्या पुढं, बालाघाटच्या डोंगराला लागून. रात्री जेवणं झाल्यावर आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती आणि पोरांनी तिला इंचवाची गोष्ट सांगायला लावली. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. आजी पहिल्याच वाक्यात सगळं फोडून टाकते: "सरपणात इंचू होता. हा एवढा, काळाभोर, नांगी वर करून." मग सावकाश सुरुवात करते. सासूबाई चुलीपाशी आल्या. बसल्या. सरपणात हात घातला, एक गवरी काढली. चुलीत सारली. परत हात घातला. आता काटकी काढली. आणि इथं आजी थांबते. सुपारी तोंडात टाकते, चुना कुठंय म्हणून विचारते, कुणाला तरी दार लोटायला सांगते. पोरं ओरडतात, "आजी, हात!"

त्या रात्री माळवदावर पडल्या पडल्या वाटलं, हिनं हे कुठं शिकलं? थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं १९६२ साली त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत हेच सांगितलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधीच माहीत असेल, तर टेबलावरच्या त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. परीक्षेत हे मी लिहिलं होतं, मार्कही पडले होते. तरी माझ्या पटकथेत सगळं लपवलेलंच होतं. कोण, का, कुठून. प्रेक्षकाच्या हाती काहीच नाही, मग तो घाबरणार कशासाठी?

हूडीवाला तिथंच मेला.

नवी गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या आठवड्यात आमच्या शिवारात थ्री फेज, म्हणजे विहिरीवरची मोटार चालवणारी लाइट, रात्री बाराला येत होती. नाना, म्हणजे माझे चुलते, अकरालाच उठून हरभऱ्याला पाण्याची दारं धरायला जायचे. स्टार्टरला ऑटो बसवलेला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. समजा पाटाच्या ओल्या मातीत वायरचा जोड उघडा पडलाय. प्रेक्षकाला तो पहिल्याच मिनिटात दाखवला. नानांना माहीत नाही. घड्याळात अकरा चाळीस. बस. खलनायक नाही, पाठलाग नाही. वर्गात एकानं विचारलं, "मग व्हिलन कोण?" मी म्हटलं, "वेळापत्रक." तो हसला, पण मी विनोद केला नव्हता.

डिसेंबरात पाच जण, एक कॅमेरा, दोन लेन्स आणि भाड्याचा रेकॉर्डर घेऊन गावी आलो. आमची वायर खोटी होती, कशालाच न जोडलेली. तरीही चित्रीकरण होईपर्यंत मेन स्विच पाडून तिथं एक पोरगा बसवला. सरांची ही एक अट मात्र मनापासून पटली.

अख्खं शिवार उजळवायला लागणारे दिवे आमच्या बापजन्मी परवडणार नाहीत. म्हणून लांबचे शॉट दिवस मावळल्यावर घेतले, आभाळ निळं असतं त्या वीसेक मिनिटांत. चार संध्याकाळी त्यातच गेल्या. जवळच्या शॉटला उजेड फक्त नानांच्या हातातल्या बॅटरीचा. ज्वारी डोक्याबरोबर आलेली, त्या ताटांतून बॅटरीचा झोत सरकला की प्रत्येक ताटाची सावली उलट्या दिशेनं पळते. हे आम्ही ठरवलं नव्हतं, फुकटात मिळालं. तिरपा कॅमेराही एकदा लावून पाहिला. १९२० च्या दशकातल्या जर्मन सिनेमावाल्यांचं हे आवडतं हत्यार. नाना स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, "तिवईचा पाय ढेकळात गेलाय जणू." शॉट काढून टाकला.

एक घोळ माझ्यामुळे झाला. स्टार्टरच्या खोलीत साधा एलईडी बल्ब होता, आणि मी कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावर विसरलो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर असा स्वस्तातला बल्ब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके बसतात, १/६० ला हिशोब चुकतो आणि चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. कॅमेऱ्याच्या बारक्या स्क्रीनवर दिसलं नाही, लॅपटॉपवर दिसलं. नानांना परत थंडीत उभं केलं. ते काही बोलले नाहीत, नुसती टोपी सारखी केली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नानांना अभिनय येत नाही. "घाबरा" म्हटलं की ते हसतात. शेवटी कुलेशोव्ह हा जुना सिनेदिग्दर्शक कामाला आला. शंभर वर्षांपूर्वी रशियात त्यानं एका नटाचा एकच कोरा चेहरा आळीपाळीनं सूपाची वाटी, शवपेटी आणि एक बाई यांच्या शेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख, ओढ असं वेगवेगळं दिसलं. मीही तेच केलं. उघडी वायर, आणि लगेच नानांचा चेहरा. काल रूममेटनं बघितलं आणि म्हणाला, "काय डोळे आहेत रे, त्यांना चाहूल लागलीय." तो चेहरा फोनवर सोयाबीनचा भाव ऐकतानाचा आहे.

संगीत काढून टाकायचं धाडस मात्र शेवटपर्यंत होत नव्हतं. नेटवरून उतरवलेली एक घूं घूं पट्टी लावून ठेवली होती. मग रेकॉर्डरमधले कच्चे आवाज ऐकताना टिटवी सापडली. आमच्याकडं रात्री टिटवी ओरडली की बायका कडाकडा बोटं मोडतात. खरं तर तिच्याजवळून कुणी चाललं, की ती कालवा करते. म्हणजे पडद्यावर कुणी दिसत नसताना टिटवी ओरडली, की आपण समजायचं, अंधारात काहीतरी हललं. तीन ठिकाणी टिटवी ठेवली, घूं घूं उडवलं. पावलांसाठी गावाहून कडब्याची पेंढी आणून होस्टेलच्या बाथरूममध्ये तुडवली. वॉचमननं विचारलं, "म्हैस बांधली का काय?"

शेवट काय केला ते इथं लिहीत नाही. आजीनं तसंही पहिल्या मिनिटातच ओळखला.

मागच्या रविवारी घरी रफ कट दाखवला. लॅपटॉप बाजेवर, समोर सगळे. वायर दिसली तशी आजीनं सुपारी कातरायची थांबवली. अकरा अठ्ठावन्नला चुलतीनं पडद्यावरच्या नानांना हाक मारली, खरे नाना तिच्या शेजारी बसलेले असताना. संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. नाना तेवढे गप्प.

सोमवारी सकाळी मी बस धरायला निघालो, तर ते काळी चिकटपट्टी आणि पकड घेऊन विहिरीकडून परत येत होते. म्हटलं, "नाना, ती वायर खोटी होती. मी गुंडाळून बॅगेत भरलीय."

"तुझी नव्हं रं, आपली बघायला गेलतो."

"मग? होता का कुठं जोड उघडा?"

"तीन जागी."